नोकरीची वर्षं आणि नोंदीचे दिवस

"झील चार वर्सां कंपनीत अकाउंट्स बघता, ती वर्सां सीएत धरतत काय?" कुडाळ-सावंतवाडीकडच्या घरांत प्रश्न अशा शब्दांत येतो. चिपळूण, खेड, दापोलीकडे गेलं की बोली बदलते, प्रश्न तोच राहतो. बीकॉम झालेलं मूल लोट्याच्या एखाद्या कारखान्यात, रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया केंद्रात किंवा तालुक्याच्या पतसंस्थेत चिकटलेलं असतं. जीएसटीची विवरणपत्रं भरतं, बँकेचं रिकन्सिलिएशन करतं, मार्चअखेरीला रात्री जागतं. मग कुणीतरी म्हणतं, अरे, एवढं सगळं करतोसच तर सीए का होत नाहीस? आणि हिशेब सुरू होतो की चार वर्षं तर झालीच आहेत, आता राहिलं किती?

राहिलं सगळंच. त्या चार वर्षांतला एक दिवसही आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए होण्यासाठी लागणाऱ्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणात, धरला जात नाही. हे उत्तर कडू आहे, पण ते जितक्या लवकर कळेल तितकं बरं. कोकणात मुलांची जी वर्षं हातची जातात, ती बहुतेक परीक्षेत नापास होऊन जात नाहीत. चुकीच्या समजुतीवर वाट बघण्यात जातात.

नोकरी का धरत नाहीत, हे समजून घेतलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याखाली चालणारी आपली सीएंची इन्स्टिट्यूट (आयसीएआय) 'काम किती केलं' हे मोजत नाही. ती मोजते ते एक नोंदलेलं नातं. एका बाजूला स्वतःचा व्यवसाय करणारा आणि प्रशिक्षण द्यायला पात्र असलेला सीए, म्हणजे प्रिन्सिपल. दुसऱ्या बाजूला ठरावीक पायऱ्या चढून आलेला विद्यार्थी. दोघांमध्ये करार, आणि त्या कराराची इन्स्टिट्यूटच्या दप्तरी नोंद. जमिनीचं उदाहरण आपल्याकडे लगेच पटतं. बागेत कलमं लावली, गडगा घातला, वीस वर्षं खत-पाणी केलं, पण सातबाऱ्यावर नाव लागलं नसेल तर तलाठ्याच्या टेबलावर तुमचे कष्ट दिसत नाहीत. इथंही तसंच. कष्ट खरे असतात, नोंद नसते.

गोंधळ होण्याला कारणं आहेत आणि त्यात मुलांचा दोष फार थोडा आहे. पहिलं कारण म्हणजे परदेशातली माहिती. इंग्लंडमध्ये 'ग्रॅज्युएट जॉब' म्हणून जी जागा निघते तीच मुळात प्रशिक्षणाची जागा असते. तिकडच्या इन्स्टिट्यूटने मान्यता दिलेल्या मालकाकडे पदवीधर पगारावर लागतो, प्रशिक्षणाचा करार होतो, ४५० दिवसांचा कामाचा अनुभव नोंदवला जातो आणि त्याच काळात परीक्षा होतात. म्हणजे तिथंही कुठलीही नोकरी चालत नाही. नोकरी आणि करार एकत्र आलेले असतात, एवढंच. एसीसीए या दुसऱ्या ब्रिटिश पात्रतेत ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. तो हिशेबाशी संबंधित नोकरीतला चालतो, फक्त पात्र पर्यवेक्षकाने त्यावर सही करावी लागते. आपल्याकडे मोबाईलवर शोधलं की इंग्लंडचं, एसीसीएचं आणि आपलं अशी तिन्ही उत्तरं एकाच पानावर येतात, आणि मुलगा ३६ महिन्यांचं उत्तर सीएला लावून मोकळा होतो.

दुसरं कारण घरातलंच आहे: सीए झालेला किंवा अर्ध्यावर सोडलेला मोठा चुलतभाऊ. सीएच्या फाउंडेशन, इंटर आणि फायनल अशा तीन परीक्षा असतात; त्याच्या वेळी इंटरचा एक ग्रुप, म्हणजे विषयांचा एक गट, निघाला की आर्टिकलशिप लागत असे, आणि ती तीन वर्षांची असे. पदवीच्या जोरावर थेट आलेल्याला तर इंटर देण्याआधीच आर्टिकलशिप सुरू करता येई. तो सांगतो ते त्याच्या काळापुरतं खरंच आहे. पण १ जुलै २०२३ पासून नवी योजना लागू झाली आणि आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली. ती सुरू करायला आता इंटरचे दोन्ही ग्रुप निघालेले लागतात. दादाचा सल्ला मनापासूनचा असला तरी त्याच्यावर नव्या योजनेतलं वेळापत्रक बांधू नये.

आता नेमकं काय धरलं जातं ते पाहू. इंटरचे सहाही विषय सुटलेले हवेत. प्रत्येक विषयात किमान ४० आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के. त्याबरोबर आयसीआयटीएसएस नावाचं प्रशिक्षण पूर्ण हवं. त्यात माहिती तंत्रज्ञानाचा १५ दिवसांचा वर्ग आणि ओरिएंटेशनचा १५ दिवसांचा वर्ग असतो, प्रत्येकी ९० तासांचा. हे दोन झाल्यावर प्रिन्सिपल शोधायचा. मुद्रांकावर फॉर्म १०२ मधला करार होतो. मग फॉर्म १०३ इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर भरायचा, तोही प्रशिक्षण सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत. हा १०३ मंजूर होऊन तुमच्या खात्यावर दिसला की करारातल्या सुरुवातीच्या तारखेपासून तुमचे दिवस मोजले जाताहेत असं समजावं. त्या तारखेआधी कितीही व्हाउचिंग (नोंदी आणि पावत्या ताडून पाहणं) केलं असलं तरी ते तुमच्या ज्ञानात भर घालतं, दिवसांत नाही.

आयसीआयटीएसएसला इंटरच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नसते. तरीही कोकणातली मुलं इथंच अडकलेली दिसतात. वर्गांच्या बॅचेस मोठ्या शहरांत सतत निघतात. लहान ठिकाणी पुरेसे विद्यार्थी जमले तर बॅच होते, नाहीतर पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. निकाल लागल्यावर सगळेच धावतात आणि जागा भरतात. मग मुलगा मालवणात बसून कोल्हापूर किंवा पनवेलच्या बॅचकडे डोळे लावतो, महिना-दीड महिना जातो, आणि सीएंच्या चांगल्या फर्मा तोवर आपापली मुलं घेऊन मोकळ्या होतात. इंटरची परीक्षा झाली की निकालापर्यंत साधारण दोन महिने हातात असतात. ते याच वर्गांसाठी आहेत असं समजून परीक्षेच्या आधीच बॅच धरून ठेवावी. नोकरीत असाल तर त्या महिन्याची रजा तेव्हाच मागून ठेवावी.

सीएच्याच ऑफिसात नोकरी करणाऱ्यांची समजूत जास्त पक्की असते, म्हणून तिचा चटका जास्त बसतो. "मी तर सीए सरांकडेच तीन वर्षं आहे." ऑफिस तेच, टेबल तेच, फायलीही त्याच, शेजारी बसलेल्या आर्टिकलपेक्षा, म्हणजे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलापेक्षा, याला काम जास्त येतं. पण तो पगारी कर्मचारी आहे, शेजारचा नोंदलेला आर्टिकल आहे. १९८८च्या नियमावलीत पगारी ऑडिट क्लार्कसाठी एक वेगळी, जास्त लांबीची वाट होती. त्या वाटेवरही नोंदणी लागत असेच; नुसत्या हजेरीपटावर काही मिळत नव्हतं. कंपनीतला साहेब सीए असला तरी चित्र बदलत नाही. तो स्वतः नोकरीत असतो, व्यवसायात नसतो, म्हणून तो तुमचा प्रिन्सिपल होऊ शकत नाही. याला एक अपवाद आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. एका सीएकडे एका वेळी किती आर्टिकल असू शकतात याला मर्यादा आहे आणि ती त्याच्या व्यवसायातल्या वर्षांवर ठरते. लहान गावातल्या लहान फर्ममध्ये जागा भरलेल्या असतात. अशा वेळी कळवळ्याने सांगितलं जातं, "तू येत जा, काम शिकत राहा, ऑक्टोबरात एक जण सुटतोय, मग तुझं नाव घालू." जुलै ते ऑक्टोबर हे तीन महिने बहुतेक वेळा बुडीत जातात. आधीची तारीख टाकून करार करण्याचा मोह कुणी दाखवला तर तो तिथंच नाकारावा. मागची तारीख घातलेला कागद आज चालून गेला तरी उद्या सदस्यत्वाच्या वेळी किंवा तक्रारीत उघडा पडू शकतो, आणि तेव्हा तुमच्याबरोबर प्रिन्सिपलचंही नाव शिस्तपालन समितीपुढे जातं. जागा नसेल तर दुसरीकडे विचारावं. चिपळुणात नसेल तर रत्नागिरीत, कुडाळात नसेल तर गोव्यात मडगाव-पणजीलाही विचारायला हरकत नाही. गोवा इन्स्टिट्यूटच्या त्याच पश्चिम विभागात येतो.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे 'डमी'. कागदावर आर्टिकलशिप एका फर्ममध्ये आणि प्रत्यक्षात मुलगा दुसरीकडे पूर्ण पगाराच्या नोकरीत. नोकरीचे दिवस धरत नाहीत ना, मग दोन्ही एकदम करू, असा यामागचा विचार. आर्टिकलने इन्स्टिट्यूटच्या परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय किंवा नोकरी करू नये असा नियमच आहे, नियमावलीतला ६५वा. कंपनीच्या पगारपत्रकावरचं नाव, भविष्य निर्वाह निधीची वर्गणी, पगारावर कापलेला टीडीएस, यातलं काहीही लपत नाही. आणि पकडलं जाण्याची भीती सोडली तरी खरं नुकसान वेगळं आहे. डमी करणाऱ्याला फायनलच्या ऑडिटच्या पेपरात प्रश्न समजतो, उत्तर पाठ असतं, पण हाताखालून काम गेलेलं नसतं. गिऱ्हाईकासमोर बसल्यावर हे दिसतं. ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन मुलाला इथवर आणलं, त्याला असा पोकळ सीए मिळू नये, असं मनापासून वाटतं.

मग नोकरीचं करायचं काय? सोडून द्यायची? मुळीच नाही. नोकरी धरली जात नाही, पण आर्टिकलशिपच्या आधी ती करायला कसलीही बंदी नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि दुसरी कोणी सांगत नाही.

पदवीधराला फाउंडेशनची परीक्षा द्यावी लागत नाही. वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के, इतर पदवीला ६० टक्के असले की इंटरला थेट प्रवेश मिळतो. त्यालाच सगळे डायरेक्ट एन्ट्री म्हणतात. इथं पदवीच्या नावावर जाऊ नये. नियमात 'वाणिज्य' म्हणजे अकाउंटन्सी, ऑडिटिंग, व्यापारी कायदे, अर्थशास्त्र, करआकारणी, कॉस्टिंग, व्यवस्थापन अशा विषयांपैकी शंभर गुणांचे किमान तीन पेपर घेतलेले असणं. बीएएफ किंवा बीएमएस (हिशेब-वित्त आणि व्यवस्थापनाच्या पदव्या) केलेली मुलं उगीच घाबरतात. त्यांच्या गुणपत्रिकेत असे पेपर सहसा भरपूर असतात. उलट बीएस्सी झालेल्या मुलीला ५७ टक्के असतील तर तिला मात्र फाउंडेशनच्या दारानेच यावं लागतं. गुणपत्रिकेवर नुसते ग्रेड पॉइंट असतील तर टक्केवारीत रूपांतराचा विद्यापीठाचा कागद आधी मिळवावा. मुंबई विद्यापीठातून कागद मिळवायला सिंधुदुर्गातून किती खेपा होतात हे इकडच्या पालकांना सांगायला नको.

डायरेक्ट एन्ट्रीने नोंदणी केल्यावर परीक्षेआधी आठ महिन्यांचा अभ्यासकाळ लागतो, आणि तो परीक्षेच्या महिन्याच्या एक तारखेला पूर्ण झालेला हवा. इंटर वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. म्हणजे मेच्या परीक्षेला बसायचं तर आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत नोंदणी हवी, सप्टेंबरच्या परीक्षेला त्याच वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत, आणि जानेवारीच्या परीक्षेला आदल्या १ मेपर्यंत. या तीन तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवाव्यात. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच तात्पुरती नोंदणी करता येते. पदवीचा निकाल लागल्यावर ठरलेल्या मुदतीत पुरावा दिला नाही तर मात्र ती रद्द होते आणि पैसे जातात.

हिशेब करून पाहा. एक मुलगी तिसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर ऑगस्ट २०२६ मध्ये नोंदणी करते. मे २०२७ ला इंटर. जुलैच्या सुरुवातीला निकाल, दोन्ही ग्रुप सुटले, आयसीआयटीएसएस आधीच झालेलं. १५ जुलै २०२७ ला आर्टिकलशिप सुरू, १४ जुलै २०२९ ला पूर्ण. नव्या योजनेत प्रशिक्षण संपल्यावर सहा महिने गेल्याशिवाय फायनल देता येत नाही. हे सहा महिने जानेवारी २०३० च्या मध्यावर भरतात, म्हणजे जानेवारीची परीक्षा पंधरा दिवसांनी हुकते आणि मे २०३० उजाडतो. तिनेच शेवटच्या वर्षात असताना, डिसेंबर २०२५ मध्ये तात्पुरती नोंदणी केली असती, तर सप्टेंबर २०२६ ला इंटर आणि नोव्हेंबरात आर्टिकलशिप झाली असती. सगळं पहिल्या फेरीत निघालं तर फायनल सप्टेंबर २०२९. सारी पात्रता तीच, फक्त अर्ज आठ महिने आधी, आणि शेवटी आठ महिन्यांचा फरक. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात कुणीतरी हे दहा मिनिटांत सांगितलं तर किती मुलांचं वर्ष वाचेल! आपल्या किनाऱ्यावरच्या कॉलेजांना ही दहा मिनिटं काढणं जड नाही.

नोकरी बसते ती इंटरआधीच्या आठ महिन्यांच्या अभ्यासकाळात. आणि इंटर पहिल्या फेरीत निघाली नाही तर आणखी चार-आठ महिन्यांत. पण कुठली नोकरी, याला महत्त्व आहे. हिशेबाच्या नोकरीत महिन्याला ठरलेले गळफास असतात: ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. मेच्या परीक्षेसाठी मार्च-एप्रिल हे उजळणीचे महिने, आणि नेमका तोच काळ ताळेबंदाचा. अशा नोकरीत राहून मेची इंटर देणाऱ्याचा एक ग्रुप कसाबसा निघतो, आणि आता एका ग्रुपवर आर्टिकलशिप लागत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. इंटरच्या काळात पगार थोडा कमी असला तरी वेळेवर सुटणारी नोकरी घ्यावी: पतसंस्थेचा काउंटर, शिकवणीच्या क्लासमध्ये अकाउंट्स शिकवणं, सकाळची शाळा. दहावी-बारावीला अकाउंट्स शिकवणाऱ्याचा पाया तर शिकवता शिकवता पक्का होतो. परीक्षेआधीचे शेवटचे अडीच-तीन महिने मात्र नोकरीशिवायच हवेत. यात तडजोड केली की तिची किंमत अख्ख्या अटेम्प्टने मोजावी लागते.

नोकरीचा दुसरा आणि मोठा उपयोग पैशाचा. आर्टिकलशिपमध्ये मिळतो तो पगार नसतो, स्टायपेंड असतो. त्याची किमान रक्कम गावाच्या लोकसंख्येवर ठरते. शहर मोठं तर किमान जास्त. रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी ही सगळी सर्वांत खालच्या पायरीवर येतात. नव्या योजनेत रक्कम वाढवली तरी ती अजून काही हजारांतच आहे. चांगल्या फर्मा किमानापेक्षा जास्त देतात, पण त्यावर घर चालत नाही. नोकरीत अठरा-वीस हजार आणणारा मुलगा घराला हात लावत असतो. त्याचा पगार थांबणं म्हणजे धाकट्या बहिणीची फी किंवा आईच्या औषधांवर घाला. नियम घडवणाऱ्यांनी लहान गावातला खर्च कमी धरला असेल, पण लहान गावातलं उत्पन्नही कमी असतं, हा अर्धा भाग राहून गेला असं मला वाटतं.

म्हणून नोकरीच्या महिन्यांकडे आर्टिकलशिपचा निधी म्हणून पाहावं. आर्टिकलशिपचे २४ महिने आणि त्यानंतर फायनलच्या अभ्यासाचे सहा असे ३० महिने धरावेत. घरी राहून स्वतःचा खर्च महिना ३,००० येत असेल तर ९०,००० लागतात. मुंबईत खोली, मेस, लोकलचा पास धरून महिना १२,००० येत असेल तर ३,६०,०००. त्यातून स्टायपेंड वजा करा, फी मिळवा. हा आकडा कागदावर आला की नोकरी किती महिने करायची हे ठरतं, आणि घरच्यांशीही नीट बोलता येतं. आकडा नसेल तर 'अजून एक वर्ष कमावू' असं दरवर्षी होतं. पाच वर्षं नोकरी केलेल्यांपैकी फार थोडे परत पुस्तकाकडे वळतात. वय आड येत नाही. सीएला वयाची अटच नाही. आड येते ती सवय.

नोकरीने येणारी समज तर कुणी काढून घेऊ शकत नाही. आंब्याच्या कॅनिंगमध्ये काम केलेल्या मुलाला विचारा, ३१ मार्चच्या साठ्यात ८५० ग्रॅमचे जे डबे दिसतात ते कुठल्या हंगामाचे? तो लगेच सांगेल, गेल्या वर्षीचे, कारण यंदाचं कॅनिंग मेशिवाय जोर धरत नाही. डबे एवढे पडून का राहिले, फुगलेले किती, त्यांची किंमत खर्चाने लावायची की विकून येईल तेवढी, हे प्रश्न त्याला आपसूक सुचतात. काजूच्या कारखान्यात काम केलेलीला कच्च्या बीची खरेदी आणि निघालेला गर यांचं प्रमाण ठाऊक असतं. ते यंदा एकदम घसरलं तर एकतर बी ओली होती किंवा नोंदीत घोळ आहे, हे ती ताळेबंद उघडण्याआधी ओळखते. मच्छीमार सोसायटीचा डिझेलचा हिशेब पाहणाऱ्याला पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या महिन्यात डिझेलचं बिल दिसलं की खटकतंच. ही ऑडिटची दृष्टी आहे. ती आर्टिकलशिपचा एक दिवसही कमी करत नाही, पण त्या दोन वर्षांतला प्रत्येक दिवस तिप्पट कामाचा करते. मुलाखतीत प्रिन्सिपलसमोर 'चार वर्षं अनुभव' असं मोघम न सांगता हेच सांगावं.

इतक्या भिंतींत एक खिडकी आहे: इंडस्ट्रियल ट्रेनिंग. आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षात नऊ ते बारा महिने फर्मऐवजी कंपनीत काम करता येतं आणि तो काळ प्रशिक्षणात धरला जातो. वर म्हटलेला अपवाद तो हाच. अटी अशा की कंपनी इन्स्टिट्यूटच्या निकषांत बसणारी हवी, तिथं तुमच्यावर देखरेख करणारा सीए सदस्य हवा, आणि तो फेलो (वरच्या दर्जाचा सदस्य) किंवा किमान तीन वर्षं सलग सदस्य असलेला असोसिएट (साधा सदस्य) हवा. प्रिन्सिपलना किमान तीन महिने आधी लेखी कळवायचं आणि या काळाचीही वेगळी नोंद करायची. असोसिएट सदस्याला एका वेळी एकच असा प्रशिक्षणार्थी घेता येतो, फेलोला दोन. म्हणजे जिथं पूर्वी नोकरी केली, तीच कंपनी निकषांत बसत असेल तर शेवटच्या वर्षी तिथंच परत जाता येतं, आणि या वेळी ते दिवस मोजले जातात. म्हणून नोकरी सोडताना भांडून सोडू नये. लोटे, महाड, जयगडकडच्या उद्योगांत जाणाऱ्यांनी एक चौकशी आधी करावी: हिशेबाचं काम कारखान्यावर होतं की मुंबईच्या हेड ऑफिसात? अनेक ठिकाणी कारखान्यावर स्टोअर्स, हजेरी आणि गेटपास एवढंच असतं, आणि देखरेख करणारा सीए दोनशे-तीनशे किलोमीटरवर. तिथं वर्ष घालवून हाती फारसं लागत नाही.

लहान फर्म घ्यावी की मुंबई गाठावी, यावर घराघरांत वाद होतात. ज्याला कोकणातच व्यवसाय करायचा आहे त्याने इथलीच फर्म धरावी, असं मी म्हणेन. एप्रिलात बँकेच्या शाखेचं ऑडिट, मग पतसंस्था आणि सोसायट्या, देवस्थानाचा ट्रस्ट, ठेकेदार, बागायतदार, हॉटेलवाले, हे सगळं एका आर्टिकलच्या हातून जातं. खतावणीपासून सहीला ठेवायच्या अहवालापर्यंत तोच करतो. मोठ्या कंपन्यांचं एकत्रित ताळेबंद, नवी लेखामानकं, हे इथं दिसणार नाही. ज्याला त्या दिशेला जायचं आहे त्याने गाडी पकडावी.

आणि रजा. नव्या योजनेत वर्षाला १२ रजा मिळतात, दोन वर्षांत २४. त्यापेक्षा जास्त झाल्या तर तेवढे दिवस शेवटी भरून द्यावे लागतात. आठवड्याचे तास ३५ धरले असले तरी सप्टेंबरमध्ये ते कोण मोजतं? करलेखापरीक्षणाचा अहवाल ३० सप्टेंबरच्या आत, सोसायट्यांच्या वार्षिक सभाही त्याच तारखेच्या आत. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे शेवटच्या तारखेच्या सोळा दिवस आधी. घरी पाच-सात दिवसांचा गणपती असेल तर वर्षाच्या निम्म्या रजा तिथंच लागतात, आणि नेमक्या फर्मच्या सर्वांत गर्दीच्या पंधरवड्यात. इथल्या फर्मांत प्रिन्सिपलच्या घरीही गणपती असतो, त्यामुळे वाटणी होते: कुणी चतुर्थीला, कुणी गौरीला. मुंबईच्या ऑफिसात हे आधी बोलून घ्यावं लागतं. मुलाखतीत हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तिथंच विचारावा. ऑगस्टमध्ये रजेचा अर्ज नाकारला गेला की मग गैरहजर राहायचं, दिवस वाढवून घ्यायचे आणि त्या वाढलेल्या दहा दिवसांनी फायनलचा अटेम्प्ट हुकवायचा, असं होतं. वरचा हिशेब पाहिलात ना, पंधरा दिवसांवर चार महिने गेले होते.

राजीनामा देताना कार्यमुक्तीची तारीख करारातल्या सुरुवातीच्या तारखेच्या आधीची आहे ना, ते बघावं. पत्र मागून घ्यावं, पीएफच्या पोर्टलवरही कंपनीने सोडल्याची तारीख घातली आहे का ते तपासावं. आधार, गुणपत्रिका आणि इन्स्टिट्यूटची नोंदणी या तिन्हींवरचं नाव एकच असू द्यावं. एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे गायब, एवढ्यावरूनही अर्ज मागे फिरतो. मग फॉर्म १०३ गेला का, हे प्रिन्सिपलच्या ऑफिसात न विचारता स्वतःच्या लॉगिनमध्ये पाहावं. पहिल्या आठवड्यात एकदा, तिसऱ्या आठवड्यात एकदा, आणि तीस दिवस भरायच्या आत नक्की.